एनएचएल ड्राफ्ट आणि हुकलेले खेळाडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलावच ना?

नाही. लिलावात जास्त पैसे मोजणारा संघ खेळाडू नेतो, ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचे ३२ संघ ठरलेल्या क्रमाने एकेक तरुण खेळाडू निवडतात. अशा सात फेऱ्या होतात. निवडलेल्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मग फक्त त्याच संघाकडे राहतो. पहिला ड्राफ्ट १९६३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात झाला आणि त्यात जेमतेम २१ खेळाडू निवडले गेले. आता हा आकडा दोनशेच्या वर असतो.

आणखी एक फरक या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे. आयपीएलमध्ये बहुतेक वेळा तयार खेळाडू विकत घेतला जातो. ड्राफ्टमध्ये सहसा अठरा वर्षांचा मुलगा घेतला जातो आणि तो तेविसाव्या वर्षी कसा खेळेल याचा अंदाज बांधला जातो. टोरोंटो-मिसिसागा भागात राहून नव्याने टोरोंटोच्या लीफ्स संघाच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींचा इथेच गोंधळ उडतो.

सगळ्यात वाईट संघालाच पहिला क्रमांक मिळतो का?

मिळेलच असं नाही. १९९५ पासून लॉटरी आहे. सध्याच्या पद्धतीत पहिल्या दोन जागांसाठी सोडत होते. तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५.५ टक्के असते आणि तो फार तर तिसऱ्या क्रमांकापर्यंत घसरतो. सोडत जिंकणारा संघ दहापेक्षा जास्त जागा वर चढू शकत नाही.

२०१७ मध्ये तीन जागांची सोडत होती. कोलोरॅडो अॅव्हलांचने त्या मोसमात फक्त ४८ गुण मिळवले होते, सगळ्यात कमी. तरी सोडतीत संघ चौथ्या क्रमांकावर घसरला आणि चाहते हळहळले. त्या चौथ्या क्रमांकावर त्यांनी केल मकारला घेतलं. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, हाच मकार सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्मिथ ट्रॉफी घेऊन उभा होता आणि कोलोरॅडोकडे लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप होता. दुसऱ्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने नोलन पॅट्रिकला घेतलं होतं. दुखापती आणि मायग्रेनमुळे त्याची कारकीर्द लवकर थांबली. मिळालेला क्रमांक आणि त्या क्रमांकावर केलेली निवड यांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

एखादी निवड चुकली, हे ठरवायचं कसं?

‘त्याच्यानंतर अमुक महान खेळाडू गेला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तसं पाहिलं तर प्रत्येक संघाची जवळजवळ प्रत्येक निवड चूक ठरेल. थोडी शिस्त लावून तपासायचं तर असं करा:

१. त्या निवडीच्या लगेच पुढचे दहा खेळाडू लिहून काढा. त्या वेळी पर्याय म्हणून तेच समोर होते. शंभर जागा खाली निवडला गेलेला खेळाडू हा खरा पर्याय नव्हता.

२. प्रत्येकापुढे एनएचएलमधले सामने लिहा. आक्रमणातल्या खेळाडूसाठी प्रति सामना गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) आणि बचावपटूसाठी प्रति सामना बर्फावरची मिनिटं बघा. बचावपटूला नुसत्या गुणांनी मोजलं तर शांतपणे २३ मिनिटं खेळणारा माणूस नापास ठरतो.

३. ड्राफ्टच्या आधीच्या याद्या शोधा. लीगचं स्वतःचं सेंट्रल स्काउटिंग उत्तर अमेरिका आणि युरोप अशा वेगळ्या याद्या काढतं, त्यातही गोलींची, म्हणजे गोलरक्षकांची, यादी वेगळी. त्यामुळे उत्तर अमेरिकेच्या यादीतला ‘क्रमांक ९’ म्हणजे एकूण नववा नव्हे. ही चूक फार होते. बॉब मॅकेन्झी यांची टीएसएन या क्रीडा वाहिनीवरची यादी स्काउट्सना, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, विचारून केलेली असते, म्हणून त्या दिवसाचं सामायिक मत कळायला ती जास्त उपयोगी.

४. मग तीन वेगळे प्रश्न विचारा: निवड चुकली, घडवणं चुकलं, की पुढे केलेला सौदा चुकला?

न्यूयॉर्क रेंजर्सची २००३ ची निवड या कसोटीवर घासून पाहू. बाराव्या क्रमांकावर त्यांनी ह्यू जेसिमनला घेतलं. साडेसहा फूट उंचीचा, डार्टमथ कॉलेजकडून खेळणारा विंगर, म्हणजे कडेने आक्रमण करणारा. एनएचएलमध्ये तो दोन सामने खेळला, तेही फ्लोरिडाकडून. त्याच्या पुढचे दहा जण: डस्टिन ब्राउन, ब्रेंट सीब्रुक, रॉबर्ट निल्सन, स्टीव्ह बर्निए, झॅक परीझे, एरिक फेर, रायन गेट्झलाफ, ब्रेंट बर्न्स, मार्क स्टुअर्ट, मार्क-अँटोन पूलियो. दहाही जण एनएचएलमध्ये शंभराहून जास्त सामने खेळले. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी कामाचा खेळाडू हाती आला असता. ‘चुकलेली निवड’ हे शब्द इथे पूर्णपणे लागू होतात.

त्याच फेरीत एडमंटनने आपला सतरावा क्रमांक न्यू जर्सीला देऊन बाविसावा आणि आणखी एक खालचा क्रमांक घेतला. सतराव्यावर परीझे गेला, बाविसाव्यावर पूलियो आला. एडमंटनच्या चाहत्यांची तक्रार स्काउट्सपेक्षा त्या सौद्यावर जास्त असायला हवी.

मॉन्ट्रियलने १९८० मध्ये सव्हारला सोडलं, ही सगळ्यात मोठी चूक नाही का?

निकालाने पाहिलं तर जबर फटका, निर्णय म्हणून पाहिलं तर नाही. पहिल्या क्रमांकावर मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन्स संघाने डग विकनहायझरला घेतलं. डेनिस सव्हार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचला. सव्हार मॉन्ट्रियलमध्येच वाढलेला, फ्रेंच बोलणारा, म्हणून ते जास्त झोंबलं.

पण विकनहायझरने त्या मोसमात रेजायना पॅट्स या ज्युनियर संघाकडून ८९ गोल केले होते. अंगाने मोठा, सेंटर म्हणजे मधला आक्रमक म्हणून खेळणारा, स्काउट्सच्या पसंतीत वरचा. दुसरा कोणताही संघ पहिल्या क्रमांकावर असता, तरी बहुधा त्यालाच घेतलं असतं. पुढे काय बिघडलं यावर वाद घाला, पण जूनमधल्या त्या दिवशी ही निवड वेडेपणाची नव्हती. आणि दोष खेळाडूच्या माथी तर अजिबात नको. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला निवडलं नव्हतं. १९८३ च्या डिसेंबरमध्ये त्याला सेंट लुईसला पाठवलं गेलं, कर्करोगाने १९९९ मध्ये तो गेला, आणि आजही त्याचं नाव फक्त या एका यादीत घेतलं जातं. हे अन्यायाचं आहे.

२०१२ चा नेल याकुपोव्ह याच प्रकारातला. एडमंटनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो बहुतेक याद्यांत वरच होता. तो ३५० सामने खेळला आणि लीगबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर फिलिप फोर्सबर्ग, एकोणिसाव्यावर आंद्रेई वासिलेव्हस्की आणि १३० व्या क्रमांकावर कॉनर हेलबक होता. वर निवडलेल्यांत फसलेले बरेच होते, म्हणजे त्या वर्षी सगळ्यांचाच अंदाज कच्चा निघाला.

मग डेट्रॉइटला कसं कळलं? लिडस्ट्रॉम, फेडोरोव्ह, दात्सुक, झेटरबर्ग, सगळे त्यांनाच कसे मिळाले?

त्यांनाही पूर्ण कळलं नव्हतं. १९८९ मध्ये डेट्रॉइटने निकलस लिडस्ट्रॉमला ५३ व्या क्रमांकावर घेतलं. त्याआधी त्यांनी माइक सिलिंजर (११ वा) आणि बॉब बॉग्नर (३२ वा) यांना निवडलं. लिडस्ट्रॉम सात वेळा नॉरिस ट्रॉफी जिंकेल असं त्यांना वाटलं असतं तर तिसऱ्या फेरीपर्यंत ते थांबले असते का? पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१ वा, हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० वा. टॅम्पानेही २०१४ मध्ये ब्रेडन पॉइंटच्या आधी तीन खेळाडू घेतले, मग ७९ व्या क्रमांकावर पॉइंट.

डेट्रॉइटचं खरं श्रेय दुसरीकडे आहे. जिथे बाकीचे कमी जात होते तिथे, स्वीडन आणि सोव्हिएत संघात, त्यांनी माणसं लावली आणि जोखीम घेतली. १९८९ मध्येच सर्गेई फेडोरोव्ह ७४ वा आणि व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्ह २२१ वा मिळाला, कारण ते देशाबाहेर येतील का हेच कुणाला माहीत नव्हतं. फेडोरोव्ह १९९० मध्ये संघासोबत अमेरिकेत आलेला असताना तिथेच राहिला. क्रमांक खाली होता तो गुणवत्ता दिसली नाही म्हणून नव्हे, तर तो हाती लागेल याची खात्री नव्हती म्हणून.

त्याच वर्षी टोरोंटोकडे पहिल्या फेरीतले तीन क्रमांक होते: ३, १२ आणि २१. तिन्ही खेळाडू त्यांनी बेलव्हिल बुल्स या एकाच ज्युनियर संघातून उचलले: स्कॉट थॉर्न्टन, रॉब पिअर्सन, स्टीव्ह बँक्रॉफ्ट. लीफ्सच्या जुन्या चाहत्यांचा राग इथे रास्त आहे. प्रश्न त्या तिघांच्या कुवतीपेक्षा शोध घेण्याच्या पद्धतीचा होता.

किती वर्षं थांबून निकाल द्यावा?

आक्रमणातल्या खेळाडूसाठी चार-पाच, बचावपटूसाठी पाच-सहा, गोलीसाठी निदान सात. पहिल्या तीन क्रमांकांवरचे खेळाडू लवकर दिसतात, बाकीच्यांना वेळ लागतो. झेटरबर्ग निवडीनंतर तीन वर्षांनी डेट्रॉइटकडून खेळायला लागला. वर्षभरात ‘फुकट गेली’ म्हणणं म्हणजे कणीस भरायच्या आत मळणी काढणं.

पहिल्या फेरीत गोली घ्यावाच की नाही?

घेतला तर फार जपून. आजवर फक्त तीन गोली पहिल्या क्रमांकावर निवडले गेले: १९६८ मध्ये मिशेल प्लास, २००० मध्ये रिक डिपिएट्रो, २००३ मध्ये मार्क-आंद्रे फ्ल्यूरी. फ्ल्यूरीने पिट्सबर्गमध्ये तीन कप पाहिले. डिपिएट्रोला न्यूयॉर्क आयलंडर्सनी घेतलं तेव्हा डॅनी हीटली आणि मारियन गॅबोरिक बाकी होते. पुढे त्याला १५ वर्षांचा करारही दिला, आणि दुखापतींनी तो मोडला. त्याच ड्राफ्टमध्ये हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ व्या क्रमांकावर रेंजर्सना मिळाला.

गोली उशिरा पिकतात, एका वेळी एकच खेळतो, आणि ज्युनियर स्तरावर त्याची आकडेवारी पुढच्या बचावावर फार अवलंबून असते. म्हणून पेक्का रिने २५८ वा, युसे सारोस ९९ वा, इगोर शेस्टर्किन ११८ वा. सर्गेई बोब्रोव्हस्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं.

बॉस्टनचे २०१५ चे तीन क्रमांक. याचं समर्थन होऊ शकतं का?

अर्धवटच. ब्रुइन्सकडे १३, १४, १५ असे लागोपाठ तीन क्रमांक होते. त्यांनी याकुब झ्बोरिल, जेक डेब्रस्क आणि झॅक सेनिशिन यांना घेतलं. पुढचे तीन: मॅथ्यू बार्झल, काइल कॉनर, थॉमस शॅबो. डेब्रस्क चांगला निघाला. झ्बोरिल मोजके सामने खेळला, सेनिशिन त्याहून कमी.

विकनहायझरच्या आणि या निवडीत मोठा फरक आहे. सेनिशिनचं नाव जाहीर याद्यांत बरंच खाली होतं, बार्झल आणि कॉनर यांची नावं वर होती. म्हणजे ‘तेव्हा कुणाला माहीत होतं?’ हा बचाव इथे चालत नाही. सामायिक मताच्या वर जाऊन निवड करायला हरकत नाही, पण मग तो खेळाडू खालच्या क्रमांकावरही मिळाला असता का, हे तपासायला हवं. तसा अंदाज असेल तर क्रमांक विकून खाली सरकायचं आणि एक जादा निवड पदरात पाडायची. व्यवस्थापनाच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की नवे जनरल मॅनेजर मे महिन्यात नेमले गेले आणि ड्राफ्ट जूनअखेर होता.

बार्झलचा सोळावा क्रमांक आधी एडमंटनकडे होता, हेही विसरू नका. तो आणि ३३ वा क्रमांक देऊन त्यांनी आयलंडर्सकडून ग्रिफिन राइनहार्टला घेतलं होतं.

संघाला ज्या जागेची गरज आहे तोच खेळाडू घेण्यात चूक काय?

निवडलेला खेळाडू कामाला येईपर्यंत गरज बदललेली असते, ही चूक. २०१८ मध्ये मॉन्ट्रियलला सेंटर हवा होता. तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी येस्पेरी कोटकानिएमीला घेतलं. चौथ्यावर ब्रेडी टकाचुक ऑटावाला गेला, सातव्यावर क्विन ह्यूज व्हँकुव्हरला. तीन वर्षांनी कॅरोलायनाने कोटकानिएमीपुढे ६१ लाख डॉलरचा एका वर्षाचा करार ठेवला आणि मॉन्ट्रियलने तो जाऊ दिला. मोबदल्यात पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचा एकेक क्रमांक मिळाला, पण सेंटरची जागा पुन्हा रिकामी झाली.

दोन खेळाडू खरोखर बरोबरीचे वाटत असतील तरच गरजेकडे बघावं.

निवड चुकली की खेळाडू बिघडवला, हे बाहेरून कसं ओळखावं?

पूर्ण ओळखता येत नाही, पण खुणा असतात. कोटकानिएमीलाच बघा: अठराव्या वर्षी थेट एनएचएलमध्ये, ७९ सामने, ३४ गुण. दुसऱ्या मोसमात गाडी अडली आणि त्याला खालच्या लीगमध्ये लावाल रॉकेटकडे पाठवलं. अशा वेळी हे बघा: मुलाला लगेच वर आणलं का? आणल्यावर किती मिनिटं दिली? चौथ्या फळीत आठ मिनिटं खेळणारा कुशल विंगर ज्युनियरमध्ये वीस मिनिटं खेळला असता तर जास्त शिकला असता. दोन वर्षांत किती प्रशिक्षक बदलले? दुसऱ्या संघात गेल्यावर तो फुलला का? फुलला असेल तर स्काउट बरोबर होते, घडवणारे कमी पडले. तिथेही तसाच राहिला, तर मूळ अंदाजच फसला असण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्याला दिलेल्या क्रमांकाचा हिशेब कसा धरायचा?

सप्टेंबर २००९ मध्ये टोरोंटोने फिल केसलसाठी बॉस्टनला २०१० आणि २०११ च्या पहिल्या फेरीचे क्रमांक (आणि २०१० चा दुसऱ्या फेरीचा) दिले. पुढे टोरोंटो तळाला गेला आणि ते क्रमांक दुसरा आणि नववा ठरले: टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन. ‘आपण सेगिन दिला’ असं म्हणणं बरोबर नाही, तो क्रमांक सेगिनचा ठरेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण आपला संघ किती वाईट खेळू शकतो याचा अंदाज घेतल्याशिवाय क्रमांक दिला, ही टीका योग्य आहे. मॉन्ट्रियलच्या सॅम पोलॉक यांनी १९७० मध्ये नेमका याच्या उलट विचार केला. दुबळ्या ओकलंड सील्सचा पुढच्या वर्षीचा पहिला क्रमांक त्यांनी आधीच घेऊन ठेवला, आणि १९७१ मध्ये त्याच क्रमांकावर गी लाफ्ल्यूर आला.

जन्मतारखेला एवढं महत्त्व का?

ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ मध्ये तो टोरोंटोला मिळाला. नाहीतर त्याचं नाव मॅकडेव्हिड आणि आइकल या २०१५ च्या पहिल्या दोघांच्याच वर्षी पुकारलं गेलं असतं. अलेक्झांडर ओव्हेच्किनही १७ सप्टेंबरचाच, १९८५ चा. फ्लोरिडाने २००३ मध्ये लीप वर्षांचे जादा दिवस धरा, म्हणजे त्याचं वय भरतं, असा युक्तिवाद करून शेवटच्या फेरीत त्याला निवडायचा प्रयत्न केला. लीगने तो मानला नाही.

जुन्या निवडी तपासताना हे लक्षात ठेवा: एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळपास वर्षाचं अंतर असू शकतं. ऑक्टोबरात जन्मलेल्याचे ९० गुण आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्याचे ८० गुण यांत बऱ्याचदा दुसरा आकडा सरस असतो. तसंच लीगचंही. एलियास पेटरसनने स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीत, पण मोठ्या माणसांविरुद्ध, ४३ सामन्यांत ४१ गुण केले होते. ज्युनियरमधल्या तेवढ्याच गुणांशी त्यांची तुलना होत नाही.

रशियाचा किरिल कप्रिझोव्ह १३५ वा कसा गेला?

रशियन लीगशी खेळाडू सोडवून घेण्याचा करार नसल्याने तो कधी येईल हे सांगता येत नव्हतं, शिवाय अंगाने लहान. मिनेसोटाने २०१५ मध्ये निवडलं, आला जानेवारी २०२१ मध्ये, आणि सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी घेतली. साडेपाच वर्षं. बाकीच्या संघांनी ही वाट पाहण्याची किंमत मोजायला नकार दिला. पाचव्या फेरीत ती किंमत अगदीच कमी होती, म्हणून त्यांची ही चूकच म्हणायला हवी.

‘आज पुन्हा ड्राफ्ट झाला तर’ अशा याद्यांवर विश्वास ठेवावा का?

मजा म्हणून वाचा. पण त्यात एक गृहीतक लपलेलं असतं: तो खेळाडू कुठल्याही संघात तसाच घडला असता. १९८३ मध्ये डेट्रॉइटच्या मनात पॅट लाफॉन्टेन होता, त्याच भागात वाढलेला मुलगा. आयलंडर्सनी त्याला तिसऱ्यावर उचललं आणि डेट्रॉइटला चौथ्यावर स्टीव्ह आयझरमन घ्यावा लागला. तो पुढे वीस वर्षं त्यांचा कर्णधार होता. लाफॉन्टेन मिळाला असता तर चाहते आयझरमनसाठी हळहळले असते की नाही, हे कुठलीच यादी सांगू शकत नाही.

पुढच्या वेळी वाद घालताना हाताशी पुरावा असावा, तर आत्ता काय करावं?

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी दोन-तीन जाहीर याद्या जपून ठेवा. तुमच्या संघाच्या क्रमांकावर तुम्ही कुणाला घेतलं असतं, ते एकच नाव तारखेसह लिहून ठेवा. तीन पर्याय लिहिले तर पुढे सोयीचा निवडता येतो. निवड झाल्यावर त्या क्रमांकापुढचे दहा खेळाडू त्याच कागदावर उतरवा. पुढे दरवर्षी मोसम संपला की सामने, गुण, मिनिटं आणि खेळाडू कोणत्या लीगमध्ये आहे एवढ्या चार गोष्टी भरा. दर वर्षी तुम्ही लिहून ठेवलेल्या नावापुढेही तेच आकडे लिहा.